पेशींतील बदलांचा दोष दिल्लीच्या हवेवर टाकण्याबाबत

प्रति,
माननीय वैद्यकीय अधीक्षक,
श्वसनविकार विभाग, शासकीय रुग्णालय,
नवी दिल्ली.

विषय : माझ्या फुप्फुसातील पेशींच्या बदलांना जबाबदार कोण, हे लेखी कळविण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या प्रयोगशाळेचा तपासणी अहवाल. २) माझा मागील अर्ज, जो मी शरमेने मागे घेत आहे.

महोदय,

१. मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात कक्ष अधिकारी असून लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आई श्रीमती चंद्रप्रभा व पत्नी सौ. रेवती यांच्यासह राहतो. आपल्या दारावरील पाटीवरून आपण मराठी असल्याचे समजल्याने अर्ज मराठीत करीत आहे. घरची गोष्ट हिंदीत लिहिली की ती दुसऱ्याच्या घरची वाटू लागते.

२. मला दमा आहे. फुप्फुसात नळी घालून काढलेल्या तुकड्याच्या तपासणीत श्वासनलिकेच्या अस्तराखालचा पडदा जाड झाल्याचे, भोवतीचे स्नायू फुगल्याचे आणि चिकट स्राव तयार करणाऱ्या पेशी वाजवीपेक्षा वाढल्याचे आढळले. इथवर कोणाची तक्रार नव्हती. परंतु आपल्या डॉक्टरांनी दोघींच्या देखत सांगितले की हे बदल एका दिवसात होत नाहीत, वर्षानुवर्षे होत राहतात. सासू-सून समोर बसलेल्या असताना 'वर्षानुवर्षे' हा शब्द वापरू नये, असे परिपत्रक कृपया काढण्यात यावे.

३. परतताना ऑटोतच आईने जाहीर केले की तिने धडधाकट मुलगा दिला होता. बिघाड रेवतीच्या गाझियाबादच्या माहेरून आलेल्या रजईच्या धुळीने झाला. रेवतीचे म्हणणे पडले की बिल्कुल नाही, खरे कारण आमच्या गावच्या, पाचोऱ्याच्या घरातली चूल आणि आजतागायत चालू असलेली लाल मिरचीची फोडणी. मराठीचा गंध नसताना ऑटोवाल्याने आईची बाजू घेतली.

४. म्हणून मागील अर्जात मी बदलांची 'लग्नापूर्वीचे' व 'लग्नानंतरचे' अशी विभागणी मागितली. पेशींवर तारीख नसते, असे आपण कळविले. त्यावर शेजारचे श्री. हरिदास (लेखापरीक्षण विभाग) यांनी तोडगा सुचविला की उजवे फुप्फुस आईच्या आणि डावे रेवतीच्या नावे लावावे. तपासणीचा तुकडा उजवीकडचा असल्याने आईने हा तोडगा फेटाळला.

५. आता तर परिस्थिती हाताबाहेर गेली आहे, कारण दोघींनी भांडणे बंद केले आहे. आईने फोडणी सोडली. रेवतीने रजई कोणाला तरी देऊन टाकली. ऐन जानेवारीत मी बिनफोडणीचे वरण खाऊन साध्या चादरीत कुडकुडतो. जिना चढून आलो की दोघी दारात उभ्या राहून माझा श्वास ऐकतात, त्यामुळे खोकायचे असल्यास मला खाली गेटवर जावे लागते.

६. परवा आईने कायमचे पाचोऱ्याला जाण्यासाठी ट्रंक भरली. मला मांडीवर घेऊन ती चुलीपुढे बसत असे, तेव्हा दोष तिचाच, असे ती म्हणते. महोदय, त्या काळी वडील बदलीच्या गावी, घरात तिसरे माणूस नाही. भाकरी आणि मी, दोन्ही तिला एकदमच सांभाळायचे होते. रेवती ट्रंकेवर बसून राहिली आहे आणि दोष आपलाच म्हणून रडते आहे. मला दोघीही हव्या आहेत. हे सांगायला गेलो की मला धाप लागते, आणि धाप लागली की त्या पुन्हा अपराधी होतात. म्हणून आपणास लिहीत आहे.

७. तरी विनंती की, या बदलांत दिल्लीच्या हवेचा हात असल्याचे एक पत्र मराठीत, शिक्क्यानिशी मिळावे. हात नियमात बसेल तेवढाच लिहावा, पण ठळक लिहावा. ही हवा कोणाची आई नाही की बायको नाही. तिला काही वाटणार नाही.

आपला नम्र, आणि त्या दोघींचाही,

(सही)
सुधन्वा वडनेरकर
लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
दिनांक : १३ जानेवारी २०२६