दुसरी रिंग

बाबा,

‘रिंग वाजली का समजून घेजो, मी घरी पोचलो. उचलू नको.’ आष्टीच्या बसस्टँडवर तुम्ही हे म्हणालात तेव्हा बस सुरू झाली होती आणि मी खिडकीतून हात बाहेर काढलेला होता. पहिल्या पगारातून तुमच्यासाठी आणलेला बटनांचा फोन तुमच्या सदऱ्याच्या खिशात होता, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वर रबर लावलेला. बाजारात मेथीच्या, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाणी मारता मारता तो ओला होऊ नये म्हणून. पिशवीत वाजला तर ऐकू कसा येणार, हे मी विचारलं नाही. तुम्ही तो ऐकण्यासाठी घेतलाच नव्हता. आपण बाजारातून घरी पोचलो एवढं लेकीला कळावं, यापलीकडे त्या वस्तूचा तुम्हाला काही उपयोग दिसत नव्हता.

पुण्याला माझी नोकरी नवी होती. सर्किट बनवण्याचं काम. गावात तुम्ही सांगायचे, पोरगी फोन दुरुस्त करते. मी तुम्हाला कधी दुरुस्त केलं नाही. पहिल्या बाजाराच्या दिवशी संध्याकाळी तुमची रिंग आली आणि मी न राहवून उचलली.

‘काऊन उचलला वं?’

‘बोला ना, बाबा.’

‘बोलाचं काय त्यात? पोचलो मी. सांगतलं होतं ना तुले.’

‘वांगी गेली का सगळी?’

‘गेली. ठेव आता.’

मागून आई ओरडली, ‘अवो, जेवली का त इचारा तिले!’ तुम्ही तिलाच उत्तर दिलंत, ‘जेवली असन. उपाशी असती त तिनंच फोन केला असता.’ आणि फोन बंद झाला. मी खोलीत एकटीच हसत बसले होते, आणि थोडी रागावलेही होते. पण त्यानंतर तुमची रिंग मी कधी उचलली नाही. वाजू द्यायची, तुम्ही कट करेपर्यंत बघत राहायचं. हळूहळू तिचा नियम ठरत गेला. एक रिंग म्हणजे सगळं ठीक, काळजी नको. एकीमागून लगेच दुसरी आली तर काम आहे, फोन कर. दुसरी रिंग फार क्वचित यायची. आईला ताप आला तेव्हा आली. गाय व्यायली तेव्हा आली, आणि मी घाबरत फोन लावला तर तुम्ही म्हणालात, ‘गोऱ्हा झाला.’ एवढंच. पुढे बोलणं फुकट झालं, दिवसभर बोला म्हणून जाहिराती लागल्या, तेव्हा मी म्हटलं, बाबा, आता पैसे लागत नाहीत, आता तरी बोला. तुम्ही म्हणालात, ‘फुकट हाय म्हणून काईबी बोलाव का?’

माझी पुढची सगळी कामं तुमच्या त्या एका रिंगवर उभी राहिली, हे तुम्हाला मी नीट कधी सांगितलं नाही. आपली विहीर घरापासून लांब, मध्ये नाला. लाइन कधी येईल याचा नेम नाही. आली की तुम्ही चप्पल घालून निघायचे, मोटार सुरू करायचे, पाणी दंडातून वाफ्यांकडे लागलं का बघायचे आणि परत यायचे. त्या दिवाळीला मी सुटीत आले ती एक डबा घेऊनच. त्यात सिमकार्ड होतं आणि मी केलेलं सर्किट. डब्याच्या नंबरला एक रिंग दिली की मोटार सुरू, दोन दिल्या की बंद. तुमचाच नियम, थोडा फिरवून घेतलेला. तुम्ही विहिरीवरच्या खोलीत तो स्टार्टरच्या शेजारी ठोकून घेतला आणि मी गेल्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत राहिलात, असं आई सांगायची.

मग तो दुपारचा प्रकार झाला. मोटार बंद करायला तुम्ही घरून दोन रिंगा दिल्या. आपल्याकडे रेंज कशी, तुम्हाला माहीत आहे. एक पोचली, दुसरी हवेतच विरली. डब्याला वाटलं, सुरू ठेवायला सांगताहेत. पाणी चालत राहिलं आणि वांग्याचं सगळं रोप वाहून धुऱ्याच्या बांधाला जाऊन लागलं. त्या संध्याकाळी तुमच्या दोन रिंगा आल्या. मी फोन लावला.

‘तुया डबा बहिरा हाय,’ तुम्ही म्हणालात. ‘दोन सांगतले त एकच आयकते.’

‘घरच्या माणसावर गेला मंग,’ आई मागून म्हणाली.

मी हसले, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. रिंग देणाऱ्याला वाटतं आपण दिली. ऐकणाऱ्याला जेवढं ऐकू आलं तेवढंच खरं. मधल्या रस्त्यात काय हरवलं ते दोघांनाही कळत नाही. मग मी सर्किट पुन्हा बसवलं. आता डबा नुसतं ऐकून थांबत नव्हता. ऐकलं ते करायचा, केलेलं खरंच झालं का ते बघायचा, आणि मग उलटी रिंग द्यायचा. विहिरीत पाणी नसलं की मोटार कमी करंट ओढते, त्यावरून त्याला पाण्याचंही कळायचं. उलटी रिंग आली तर निरोप पोचला. नाही आली तर पोचला नाही, पुन्हा द्या. पुढे याच गोष्टीवर मी बरीच वर्षं घालवली. कमी रेंजमध्ये फोनवर निरोप पोचल्याची खात्री होईपर्यंत तो धरून ठेवणारी सर्किटं, त्यांच्या पद्धती. त्यातल्या काहींची पेटंटं आज माझ्या नावावर आहेत. पण पहिलं त्या डब्याचं.

नवा डबा बसवला तो दिवस मला आत्ता समोर दिसतो. मी विहिरीवर उभी आहे, तुम्ही पलीकडे वांग्यांत. तुम्ही रिंग देऊन फोन परत पिशवीत गुंडाळता, मोटार घरघरते, पाइपातून पाणी येतं, आणि तुमच्या खिशातली पिशवी वाजते. तुम्ही घाईघाईनं रबर काढता, फोन कानाला लावता आणि त्या डब्याला म्हणता, ‘हालो, कोन?’ मी हसून हसून विहिरीच्या कठड्यावर बसले. तुम्ही लाजून इकडेतिकडे पाहिलंत आणि म्हणालात, ‘तेनं आवाज देल्ला त ओ द्या नाई लागत का?’ मला आयुष्यभर उचलू नको म्हणणारा माणूस डब्याची रिंग उचलून बसला होता.

डब्याच्या पेटंटचा अर्ज भरताना शोध लावणाऱ्यांच्या नावांत तुमचं नाव घालावं असं माझ्या मनात होतं. तुम्ही भाजीच्या जुड्या बांधत होतात, मान वर न करता म्हणालात, ‘मायं नाव कायले टाकतं? मी त रिंगच मारली फक्त.’ मी पुन्हा विचारलं तर चिडलात. मग नाही घातलं.

त्या अर्जाची सुनावणी ज्या दिवशी होती तो आष्टीच्या बाजाराचा दिवस होता. मी पुण्याला ऑफिसात, समोर पडद्यावर पेटंट कार्यालयातले तपासणी करणारे साहेब. त्यांचा आक्षेप सरळ होता. मिस कॉल तर या देशात सगळेच देतात, त्यात नवीन ते काय? मी समजावून सांगत होते. दिलेली रिंग आणि पोचलेली रिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, सर. आपण समजतो त्या एकच आहेत, आणि सगळा घोटाळा तिथं होतो. मी हे बोलत असताना टेबलावरचा माझा फोन थरथरला. तुमचं नाव आलं, गेलं. एक रिंग. बाबा पोचले, असं मनात म्हणत मी बोलत राहिले. माझा आवाज जास्त मोकळा झाला असणार. साहेब मान हलवू लागले होते. मी अधूनमधून फोनकडे पाहिलं. दुसरी आली नाही.

तुम्ही पोचला नव्हतात. आष्टीहून येताना उतारानंतरचं वळण आहे, बाभळीचं, तिथं तुम्ही दुचाकी लावून खाली बसला होतात. रिकाम्या टोपल्या गाडीला तशाच बांधलेल्या होत्या. काकांचा मुलगा मागून येत होता, त्यानं पाहिलं. तो सांगतो, तुम्ही झाडाला टेकून होतात, घाम फुटला होता, फोन हातात होता, पिशवी आणि रबर मांडीवर. सावंगीच्या दवाखान्यात न्यायला गाडी बोलावली, पण गाडी येईपर्यंत तुम्ही थांबला नाहीत.

त्या वळणावर रेंज येते आणि जाते. तुम्ही एक रिंग दिलीत की दोन, हे मला कळायला काही मार्ग राहिलेला नाही. काकांच्या मुलानं मग तुमच्याच फोनवरून सगळ्यांना फोन लावले, मलाही. तुमचा तो जुना फोन एका नंबरला लावलेला फक्त शेवटचा कॉल दाखवतो, आणि माझ्या नंबरचा शेवटचा त्याचा होता. कंपनीकडे विचार, असं मला ऑफिसात कुणीतरी सुचवलं. पण जी रिंग टॉवरपर्यंत गेलीच नाही तिची नोंद कुठेही नसते, बाबा. हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही. त्याच दिवशी, त्याच वेळी, हेच तर मी पडद्यावरच्या माणसाला पटवून देत होते.

सांत्वनाला आलेले लोक म्हणाले, मनाला लावून घेऊ नकोस. मी ते लावून घेत नाही. उचलायची नाही हे तुम्ही सांगितलं होतं आणि मी मानलं होतं, त्यात आपलं दोघांचं प्रेम होतं. मला फक्त एवढंच कळत नाही की शेवटी तुम्ही मला काय म्हणालात. एकच दिली असेल, तर तिथं बसूनही तुम्हाला सुचलं ते हेच की पोरीला काळजी नको. घरी पोचलो असं खोटं सांगून तुम्ही गेलात. आणि दोन दिल्या असतील, तर तुम्ही मला बोलावलं. फोन कर म्हणालात, आणि माझ्या उलट्या रिंगची वाट बघत झाडाला टेकून बसून राहिलात. काही दिवस मी पहिलं खरं मानते, काही दिवस दुसरं. पहिलं मानते त्या दिवशी जेवण जातं.

पेटंट मिळालं. कागद आईला दाखवला तर तिनं पदरानं पुसून देवाजवळ ठेवला.

आता भाजीचं वावर काकांचा मुलगा ठेक्यानं करतो. चांगलं करतो, वांगी तुमच्यासारखीच काळीभोर निघतात. पण डब्यात उलट्या रिंगसाठी नंबर अजून तुमचाच आहे. तुमचा फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी, चार्जरला लावलेला असतो. त्याचं रिचार्ज मी करत आले. पोरगा मोटार सुरू करतो, पाणी येतं आणि इकडे फळीवर तुमचा फोन वाजतो. मग तो आईला फोन करून विचारतो, ‘काकू, वाजला का?’ आई म्हणते, ‘वाजला.’ इतके दिवस असंच चाललं. मला वाटायचं, आईला बरं वाटत असेल.

काल मी घरी आले. सकाळी आई भाकरी थापत होती आणि फोन वाजला. तिचा हात परातीतच थांबला. रिंग संपेपर्यंत ती फळीकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘आता बदलव तो नंबर. पोराचा टाक.’

‘राहू दे ना, आई. त्याचं काय अडतं?’

‘त्याचं नाई अडत, मायं अडते. रोज वाजला का मले वाटते वावरातून रिंग देऊन राह्यले. चहा ठेवाले उठतो मी. किती दिवस उठू?’ तिनं तव्यावरची भाकर उलटली. ‘तुले पुण्यात ऐकू येत नाई ना तो. मले येते.’

म्हणून दुपारी इथं आले आहे. विहिरीवरच्या खोलीत, तुमच्या खताच्या पोत्यांवर बसून लिहिते आहे. डब्याचं झाकण काढून ठेवलंय. आतलं सर्किट अजून स्वच्छ आहे, एका कोपऱ्यात कोळ्यानं थोडं जाळं केलंय तेवढंच. नंबर बदलणं हे काही मोठं काम नाही. मघाशी आईनं फोन करून विचारलं, ‘झालं का वं?’ मी म्हटलं, झालं. झालेलं नाही, बाबा. उठण्याआधी करीन, तिला पुन्हा फसवणार नाही. पण ते झालं की तुमच्या फोनला वाजायला काही कारण उरणार नाही, आणि मला रिचार्ज करायलाही. निरोप पोचायची इतकी साधनं मी केली आणि हा कागद मात्र घडी घालून पर्समध्येच राहील. याची उलटी रिंग कुणाकडून येणार?

त्याआधी एक करणार आहे. माझ्या फोनवरून तुमचा नंबर लावणार आहे. एकदा, आणि लगेच पुन्हा. तुमच्याच नियमानं, काम आहे म्हणून. इथं रेंज एकच काडी दिसते आहे, दुसरी पोचेल न पोचेल. डब्याची रिंग तुम्ही उचलली होती, बाबा. त्यानं आवाज दिला तर ओ द्यायला नको का, म्हणाला होतात. आज माझी उचला. काही बोलू नका, नुसतं ‘हालो, कोन’ म्हणा, आणि त्या दिवशी एक होती की दोन तेवढं सांगा. तुम्ही नाहीच सांगणार, मला माहीत आहे. म्हणाल, वाजली ना, मंग समजून घेजो.