विहिरीच्या पाण्याचा निवाडा

नाशिक, ७ मार्च १९८१

सौ. यशोदेस पतीचा शिरसाष्टांग नमस्कार.

चाळीच्या विहिरीचे जल पीतवर्ण होताच मी ते ‘खनिजसंपन्न’ ठरवून सर्वांसमक्ष तीन पेले प्राशन केले. ‘तुमची विद्वत्ता तुम्हीच प्या, पोरीला थेंब देणार नाही,’ म्हणत तू तिला घेऊन दिंडोरीस माहेरी गेलीस.

तपासणीत त्या जलात शेजारच्या कारखान्याचे विषारी क्रोम सापडले. महिनाभर मरणभयाने ग्रासलो होतो. तुला कळवले नाही. आज डॉक्टर वदले, ‘मूत्रपिंडं शाबूत आहेत, मास्तर. आता व्याख्यानं बंद!’

कन्या वाचली ती तुझ्या अवज्ञेमुळे. हे पत्र मात्र टपालात टाकत नाही; नाहीतर ही लेखी कबुली तू आजन्म जपशील. उद्या स्वतःच येतो. पेलाभर पाणी दे, निमूट पिईन.

तुझा निरुत्तर,
निवृत्ती