भावोजी पडद्याबाहेर गेले त्याबद्दल

प्रिय ताई,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (उभ्यानं नमस्कार करायला तोंड राहिलेलं नाही, म्हणून साष्टांग.) तुझी तब्येत बरी असेल, भावोजींचा खोकला थांबला असेल आणि त्यांच्या आईंचे गुडघे जिना चढू देत असतील, अशी आशा करतो. आशाच करतो, कारण गेले नऊ दिवस तू माझा फोन उचललेला नाहीस. पत्र निदान फाडण्यासाठी तरी उघडशील.

आई-बाबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला काय झालं ते तू पाहिलंसच, पण का झालं ते ऐकून घे. आपल्या घराचा सगळ्यांचा मिळून असा एकही फोटो नाही. म्हणून मी छाती फुगवून म्हटलं होतं की मी प्रोग्रामर आहे, चौदा जणांचे वेगवेगळे फोटो कापून वेबपेजच्या एका कॅनव्हासवर कोडने शेजारी शेजारी उभे करीन. हा कॅनव्हास म्हणजे पडद्यावरची रिकामी पाटी. तिच्यावर प्रत्येक चित्राला जागेचे दोन आकडे द्यायचे, डावीकडून किती ठिपके आणि वरून किती. हो, वरून! शाळेत आपण खालून मोजायचो, इथे जितकं खाली जावं तितका आकडा वाढतो. (पहिल्या दिवशी बाबा छताला चिकटले होते.) शिवाय तो आकडा चित्राच्या मध्याचा नसतो, वरच्या डाव्या कोपऱ्याचा असतो, म्हणजे माणसाला कान धरून उभं करायचं. मी मध्य समजून बसलो, त्यामुळे मामी आत्याच्या मांडीवर गेली. त्या दोघींचं बोलणं बंद आहे हे कॅनव्हासला कोण सांगणार? पण महिनाभर खपून मी सगळ्यांना जागेवर आणलं, अगदी आपल्या वारलेल्या कुत्र्यालासुद्धा.

आणि हॉलमध्ये पडदा उजळला. माझ्या घरच्या पडद्यावर आडवे एकोणीसशे ठिपके मावतात, हॉलच्या पडद्यावर मावतात तेराशे सहासष्ट. तुला मी साडेबाराशेवर उभं केलं होतं आणि भावोजींना पंधराशेवर. त्यामुळे ऐंशी पाहुण्यांना तू अर्धी दिसलीस आणि भावोजी दिसलेच नाहीत. कुत्रा मात्र शेपटीसकट पूर्ण. पहिल्या रांगेतून भावोजींच्या आईंनी खणखणीत आवाजात विचारलं, "आमचा कुठाय?" मी माइकवर म्हणालो, "तांत्रिक अडचण." भावोजी हसले आणि टाळ्या वाजवायला लागले. तू उठून बाहेर गेलीस. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं, पण हॉलची फरशी पक्की होती.

तेव्हा ताई, दोष पडद्याचा आहे हे ध्यानात घेऊन राग सोडावास ही विनंती. भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. : दोष पडद्याचा नाही. त्या दिवशी सकाळीच पडदेवाल्यानं मला सांगितलं होतं, "दादा, उजवीकडची दोन माणसं बाहेर जातायत बघा." उपाय सोपा होता. आई आणि बाबांच्या मधोमध मी स्वतःला उभं केलं होतं, चारशे ठिपके रुंद, सगळ्यांत मोठा. (लग्नाचा वाढदिवस त्यांचा, हे मला आता आठवतं आहे.) मी मागच्या रांगेत गेलो असतो तर उजवीकडची सगळी माणसं चारशे ठिपके डावीकडे सरकून आरामात मावली असती. मी पडदेवाल्याला म्हणालो, "चालतंय हो." हे लिहिताना मला माझीच लाज वाटते आहे.

ता. क. २ : काल सगळे आकडे बदलले. मी मागे टोकाला गेलो, आता माझा एक कान तेवढा दिसतो. भावोजींना बाबांशेजारी घेतलं आहे, पण तिथे लावायला त्यांचा फोटो नाही. आधी लावला होता तो त्यांच्या ऑफिसच्या ओळखपत्राचा, बोटाएवढा, मोठा केला की नाकडोळे पुसले जातात. घरातले सगळे अल्बम पालथे घातले. तुझं लग्न सोडलं (तिथे ते मुंडावळ्यांआड आहेत), तर एवढ्या वर्षांत त्यांचा धड एक फोटो नाही. ताई, बाकीचे सगळे त्यांनीच काढले आहेत. मी कापून घेतलेला माझा तो मोठा फोटोसुद्धा.

तुझ्याकडे त्यांचा एखादा असेल तर पाठव. नसेल तर रविवारी मी येऊन काढतो. ते दार उघडतील का, तेवढं विचारून ठेव.