कुणालाच नको असलेलं वाक्य

तासगाव, ४ जानेवारी

प्रिय सुमैरा,
मामू-मुमानीचा सलाम, पुष्कळ दुआ.
अकॅडमीत मोबाईल जमा करून घेतात हे बरं झालं. निदान तुझं पत्र तरी येतं. पळणं जमत नाही, पोलीस भरती सोडून घरी येते, असं लिहिलंस. मैदानी चाचणीत नापास झालीस तर परत यायचं, हे तुझ्या अब्बांचं बोलणं मीही ऐकलंय. पण चाचणी अजून व्हायचीय.
नेपोलियन म्हणायचा म्हणे, अशक्य हा शब्द मूर्खांच्याच कोशात असतो. परवा गिऱ्हाईक म्हणून आलेल्या कोंडीबाच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर तेच रंगवून दिलं. तो विचारत होता, ह्यो पावना कुठल्या गावचा. म्हटलं, लय लांबचा.
दुआ आहेच.
रसूलमामू

सातारा, १० जानेवारी

मामूंना सलाम. मुमानीला वेगळा.
नेपोलियन घोड्यावर होता. मला आठशे मीटर पायी पळायचेत. पहिली फेरी मी सगळ्यांच्या पुढे असते, दुसरीत पाय उचलत नाहीत. आधी दम राखून पळ, असं सर ओरडतात, पण शिट्टी वाजली की मला राहवत नाही. माझ्या खोलीतली दीपमाला म्हणते, तुझ्या मामूंकडे पायी पळणाऱ्याचं एखादं वाक्य असेल तर मागव.
माया पातळ करू नका.
सुमैरा

तासगाव, १६ जानेवारी

प्रिय सुमैरा,
सलाम.
सैन्य पोटावर चालतं, हेही त्याच्याच नावावर सांगतात. म्हणून मुमानीने बेदाणे पाठवलेत. दीपमालालाही दे.
आणखी एक वाक्य आहे. शत्रू चूक करत असेल तर त्याला मध्येच अडवू नये. मानसिंगच्या ट्रॉलीवर लिहायला घेतलं, तर तो म्हणाला, आवं, भावकीला वाटंल त्यास्नीच टोमणा हाय. पुसायला लावलं. ते शिल्लक आहे. तू घे.
मुमानी रोज तुझं नाव काढते.
रसूलमामू

सातारा, ३ फेब्रुवारी

मामूंना, मुमानीला सलाम.
काल चाचणी झाली. शिट्टी वाजली आणि सगळ्या सुसाट सुटल्या. मीही सुटणार होते. तेवढ्यात ते पुसलेलं वाक्य आठवलं. त्यांना चूक करू दिली. सगळ्यात मागे पळताना लाज वाटत होती. दुसऱ्या फेरीत एकेक जण जवळ येत गेली, मग मागे पडत गेली. आदल्या रात्री ज्यांनी माझे बेदाणे खाल्ले त्यांना शत्रू समजणं जड गेलं, पण समजले.
पास झाले. दीपमालाही.
सरांच्या फोनवरून अब्बांना कळवलं.  त्यांनी एवढंच विचारलं, लेखी परीक्षा कधी आहे.
मला तुमची लाडकी राहू द्या.
सुमैरा