ईट, एट, ईटन

आई, तुला देवनागरी वाचता येत नव्हती, म्हणून हे निर्धास्त लिहिते आहे. आपलं तंजावुरातलं घर पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारं, पण लिहिणं-वाचणं सगळं तमिळमध्ये. ही लिपी मी तू गेल्यावर शिकले, घर खायला उठलं तेव्हा.

आज इडलीच्या पिठासाठी ग्राइंडरमध्ये उडीद घातले. एकटीसाठी ग्राइंडर लावणं म्हणजे वेडेपणाच, पण त्या आवाजाची सवय लागली आहे. दादा कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी अमेरिकेत गेला, तिकडे त्याला मुलगा झाला आणि त्या मुलाला इंग्रजीखेरीज काही येत नाही हे कळल्यावर तू मला, शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या लेकीला, फर्मान सोडलंस, ‘मज शिकव.’ पहिलं क्रियापद तूच निवडलंस, खाण्याचं. तंजावुरात माणूस भेटला की आधी जेवण झालं का ते विचारायचं, बाकीचं मग. अजून डोळ्यांसमोर आहे, ग्राइंडर घरघरतो आहे आणि तू त्याच्यावर आवाज चढवून म्हणते आहेस, ‘ईट, एट, ईटन.’ तिसऱ्या रूपाला दर वेळी अडखळतेस. मी हसले. ‘कसाला हासतीस? परीक्षा नव्हे ही. मज नातवाशी बोलायचं आहे.’ इतकं रागावलेलं तुला मी क्वचितच पाहिलं.

रविवारी तू नवी साडी नेसलीस आणि आपण बसस्टँडजवळच्या फोनबूथवर गेलो. काचेच्या खोलीत रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून, नातवाला लाडाची हाक मारून तू ओरडलीस, ‘कन्ना, यू एट-आ?’ तो प्रश्न विचारायचा तमिळ ‘आ’ काही केल्या सुटला नाही. पलीकडून ‘येस’ आलं आणि पोर पळालं. परतताना बसमध्ये तू कंडक्टरलासुद्धा सांगितलंस, नातू जेवला म्हणून. मला कौतुक वाटायला हवं होतं, पण वाईटच वाटलं. ते तुझ्या लक्षात आलं असावं, कारण पुढे तू खिडकीबाहेर बघत बसलीस.

दर रविवारी तोच प्रश्न, तेच उत्तर. ते लोक येतील येतील म्हणता म्हणता तूच गेलीस.

तुझ्या तेराव्याला दादा मुलाला घेऊन आला. पंगती उठल्यावर मी स्वयंपाकघरात आवरत होते, तर तुझा नातू दारात उभा. चांगला उंच झालेला, हनुवटी तुझीच. ‘आत्या, यू एट-आ?’ त्याने विचारलं, अगदी तुझ्या सुरात. आपल्याकडे इंग्रजी असंच बोलतात, अशी त्याची समजूत.

मी ‘येस’ म्हटलं, आई. जेवले नव्हते. नाही म्हटलं असतं तर तो माझ्याजवळ बसला असता, आणि मग दुसऱ्या दिवशी त्याला जाऊ देणं मला जमलं नसतं.