माझ्या जबड्यातली शिस्त

ती. वन्संना भावजयीचा वाकून नमस्कार.

आपले गुडघे, आपला खोकला आणि आपला राग, तिन्ही ताब्यात असतील अशी आशा करते. इकडे सगळे खुशाल आहेत, माझा जबडा सोडून. अक्षर सूनबाईचं आहे आणि बोल माझे, तेव्हा पत्र वाचताना कुठे राग आला तर तो अक्षरावर काढा. (सूनबाई म्हणते, पेन माझ्या हातात आहे हे विसरू नका. बघा, सासूला धमकी!)

तर झालं असं की, गेले काही महिने माझी खालच्या दाढांची कवळी बसेना (पुढचे दात अजून माझेच आहेत). उजवीकडून उचलली जायची आणि जेवताना मी बोलले की टकटक वाजायची. (तुमचे भाऊ असते तर म्हणाले असते, मग जेवताना बोलू नकोस.) कवळी बिघडली म्हणून मी दातांच्या डॉक्टरीणबाईशी भांडायला गेले. पोरगी माझ्या नातीएवढी. तिने कवळी बाजूला ठेवली, माझ्या हिरडीवरून बोट फिरवलं आणि तेच बोट पुन्हा मागे नेलं. मग म्हणाली, "आजी, कवळी तीच आहे. जबडा फुगलाय." वन्सं, माझी आई गालातल्या गाठीनेच गेली, हे तुम्हाला ठाऊक आहे. भांडायला म्हणून उघडलेलं तोंड माझं तसंच उघडं राहिलं. (तिला तपासायला सोयीचं पडलं.)

मग फोटो. हनुवटी एका कठड्यावर टेकवली, पुढच्या दातांत काडी धरायला दिली, हलू नका म्हणाले आणि एक भलंमोठं यंत्र माझ्या डोक्याभोवती गोल फिरलं. घरातल्यांनी माझ्याभोवती फिरावं म्हणून मी जन्मभर धडपडले, शेवटी फिरलं ते यंत्र! आणि मग पडद्यावर काय पाहिलं म्हणून सांगू? माझा जबडा, या कानापासून त्या कानापर्यंत, घडी उलगडून वाळत घातल्यासारखा. पांढरं म्हणजे हाड, काळं म्हणजे पोकळ. हाडाच्या कोपऱ्यात एक गोल काळा डाग, त्याला बारीक पांढरी किनार, आणि आत एक अख्खी दाढ आडवी झोपलेली. जन्मात कधी वर आलीच नाही. डॉक्टरीणबाई म्हणाली, ही तुमची अक्कलदाढ. (हसू नका. तुम्ही लग्नापासून सांगत होता, आता पुरावा मिळाला.)

पुढे ती म्हणाली, हिच्याभोवती सिस्ट झालीय. मला ऐकू आलं, शिस्त. म्हटलं, अगं बाई, सासूने आणि नणंदेने इतकी वर्षं लावली आणि अंगी काही लागली नाही, ती सगळी इथे येऊन बसली होय? ती म्हणाली, ही हळूहळू वाढते, दुखत नाही, कळतही नाही, पण आतून पोखरते. मला लगेच पटलं, शिस्तीचं तसंच असतं. काढून टाकावी लागेल म्हणाली तेव्हा मी म्हटलं, काढ, घरात कुणाच्या लक्षातही यायचं नाही. शेवटी सूनबाईने हसू दाबत कानात सांगितलं, की ही म्हणजे पाण्याची पिशवी.

न उगवलेल्या दाढेभोवती पातळ पापुद्रा असतो, त्यात पाणी साचतं आणि दगडासारखं हाड त्या पाण्याला वाट करून देत मागे सरतं! इतकं सगळं माझ्या तोंडात चाललेलं, आणि मला, शेजारणीच्या घरातलं भांडण भिंतीतून ऐकणारीला, पत्ता नाही. पण पोरगी नुसत्या फोटोवर विसंबली नाही. मेलेल्या दाताच्या मुळाशीही अशीच पिशवी होते म्हणे, म्हणून उरलेल्या एकेका दाताला गारगार बोळा लावून जिवंत आहे का ते पाहिलं. मी प्रत्येकाच्या वतीने ओरडून ग्वाही दिली. हाडातून ओठाकडे नस जाते, म्हणून डोळे मिटायला लावून ओठावर कापूस फिरवला, मला कळतो का ते पाहायला. सुईने आतलं पाणी ओढलं, वाळल्या गवताच्या रंगाचं निघालं. तरीही म्हणाली, पिशव्या पिशव्या सारख्याच दिसतात. काही काढल्या तरी पुन्हा येतात, आणि एखादी पिशवी नसतेच, दुसरंच काही असतं. म्हणून कणभर तुकडा तपासायला पाठवला. उत्तर येईपर्यंत मी कुणाशी भांडले नाही, यावरून काय ते ओळखा.

उत्तर आलं, साधी पिशवी आहे. आईचं ते माझ्यात नाही. वन्सं, मला अक्षराची ओळख नाही, पण तो फोटो खिडकीच्या उजेडाला धरून मी पुन्हा पुन्हा वाचते. स्वतःच्या आत एवढं काही लिहिलेलं असतं, हे या वयात कळलं.

आता पिशवी दाढेसकट काढायची आहे. नाहीतर हाडाचं नुसतं टरफल उरेल आणि काही कडक चावताना जबडा मोडेल. मी मुळीच घाबरलेली नाही. लहानांना आशीर्वाद. मोठं तुमच्याशिवाय कुणी उरलं नाही, म्हणून उरलेले सगळे नमस्कार तुम्हालाच.

आपली भावजय

ता. क. डॉक्टरीणबाईला मी सांगून आलेय, की थोरल्या नणंदेच्या परवानगीशिवाय आमच्यात काही कापत नाहीत. तेव्हा उलट टपाली खरमरीत 'नाही' कळवा. माझ्या प्रत्येक बेताला आजवर तुम्ही नाहीच म्हणालात, आता एकदा माझ्यासाठी म्हणा. मला फार भीती वाटते. (सूनबाई, हे शेवटचं खोड.)

ता. क. पुन्हा. तिने खोडलं नाही. पेन ठेवून रडायला बसली, मला म्हणाली, तुम्हाला काही झालं तर मी भांडू कुणाशी? तेव्हा 'नाही' कळवू नका, मी काढून घेते. पण त्या दिवशी तुम्ही या. नंतर काही दिवस जबडा हलवायचा नाही, अवाक्षर बोलायचं नाही, अशी सक्त ताकीद आहे. माझ्या उशाशी बसा आणि इतक्या वर्षांचं जे काय साठलं असेल ते सगळं ऐकवा. जन्मात पहिल्यांदाच मी उलट बोलणार नाही.