काउंट फुल

१२ जानेवारी, रोहा
काल तेलाच्या रिगवरून परत आलो. एरवी अठ्ठावीस दिवस समुद्रात आणि अठ्ठावीस दिवस घरी. या खेपेला कंपनीने मधूनच हेलिकॉप्टरमध्ये बसवलं. जरा आराम करा म्हणाले. 'जरा' या शब्दावरच मला संशय आला.

डायरी लिहायला घेतली. कोणाला दाखवायची नाही. बायकोला, अजीजालासुद्धा नाही. ती वाचणार नाही म्हणते, म्हणजे वाचणार.

घडलं ते असं. रिगवर गॅसचा अलार्म झाला. अलार्म झाला की हातातलं काम टाकून लाइफबोटीपाशी जमायचं. तिथे बोर्डावर प्रत्येकाच्या नावाचं कार्ड टांगलेलं असतं. पोचलेल्या माणसाने आपलं कार्ड आपल्या हाताने पलटायचं. सगळी पलटली की काउंट फुल. मग कोणाला शोधायला आत माणूस पाठवायचा नाही. त्या दिवशी काउंट फुल झाला, आणि तोही विक्रमी वेळात. फक्त जिते गावचा कान्हू, डेकवरचा काँट्रॅक्टचा कामगार, खाली पंपांच्या खोलीत शिडीवरून घसरून मांडी मोडून पडला होता. त्याचं कार्ड मात्र पलटलेलं.

कोणी पलटलं? सरकारी चौकशी लागली आहे. पनवेलला एकोणतीसला माझा जबाब. पण त्याआधी गुन्हेगार मी शोधणार. मी रिगचा सेफ्टी ऑफिसर, बोर्ड माझ्या ताब्यात. इतका निष्पक्ष तपास दुसरा कोण करील?

१३ जानेवारी
संशयित पहिला, निलेश. क्रेन चालवतो. न विचारता दुसऱ्याच्या चहात साखर घालतो. असा माणूस दुसऱ्याचं कार्डही पलटू शकतो.

संशयित दुसरा, कुक. कुक कुठल्याही प्रकरणात संशयितच असतो.

मी यात येत नाही. शेवटचं एक कार्ड उरलं तेव्हा बोर्डासमोर मी एकटाच होतो. रेडिओवर मॅनेजर काउंट, काउंट करून जीव खात होता. मागच्या ड्रिलपेक्षा आपण पुढे होतो. म्हणजे मी उलट साक्षीदार ठरतो, आणि तोही अगदी जवळचा. हे लक्षात आल्यावर फार हलकं वाटलं.

दुपारी निलेशचा फोन. म्हणे, इलियासभाई, कान्हूचं वाईट होतंय, खरं काय ते तुम्हीच सांगा ना. आवाज घुमत होता. नक्की रेकॉर्ड करत होता. मी थंडीबद्दल बोललो आणि फोन ठेवला.

१५ जानेवारी
उत्तम कल्पना. माझी सिस्टिम किती बिनचूक आहे हे घरीच सिद्ध करायचं. पुठ्ठ्याची तीन कार्डं केली. अब्बा, अम्मी, माहिरा. दाराशेजारी खिळ्यांना टांगली. मस्टर पॉइंट, म्हणजे जमायची जागा, चिकूच्या झाडाखाली. शिट्टी वाजली की सगळ्यांनी बाहेर.

पहिलं ड्रिल. अजीजा आलीच नाही. आतून म्हणाली, भाकरी तव्यावर हाय, ती काय मस्टरला येनार नाय. माहिरा आली, पण मोबाइलमध्ये बघत आली आणि चिकूला धडकली. आली ते आली, कार्ड पलटायला विसरली.

संध्याकाळी दोघींना सुरक्षेचं महत्त्व समजावलं. काउंट फुल झालाच पाहिजे, हे तीनदा सांगितलं. माहिराने विचारलं, अब्बा, काउंट महत्त्वाचा की मानसं? हे प्रश्न तिच्या डोक्यात कोण भरतं?

१८ जानेवारी
फुरकानच्या वाडीत पोपटी. फुरकान म्हणजे अजीजाचा भाऊ, हार्डवेअरचं दुकान. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, आणि मडक्याभोवती जाळ. परमिटशिवाय उघडा जाळ! मी त्याच्याच दुकानातलं फायर एक्स्टिंग्विशर मागून घेतलं आणि शेजारी उभा राहिलो. फुरकान हसला. का हसला?

मडक्यातून एकदम धूर आला. मी क्षणात निर्णय घेतला.

कोंबडीवर पावडर बसली. शेंगांवरही. अजीजाच्या आईने तोंडावर पदर घेतला, हसत होती की रडत ते कळलं नाही. शेवटी सगळ्यांनी वडापाव खाल्ले. एकही माणूस भाजला नाही, याची दखल कोणी घेतली नाही.

२१ जानेवारी, जिते
तपासासाठी स्वतः जित्याला गेलो. मेमू गाडीने. सोबत मोसंबी. कान्हू खरंच पडून आहे का, हे बघणं आवश्यक होतं.

पडून आहे. मांडीत सळी घातली आहे. मला बघून उठायला गेला आणि कळवळला. बायकोला म्हणाला, चंद्रावती, साहेब आलं गो, चाय ठेव.

कंपनी त्याला भरपाई नाकारते आहे. कार्ड पलटलेलं होतं, म्हणजे तो मस्टरला आला होता आणि मग स्वतःच्या मर्जीने परत आत गेला, असं त्यांचं म्हणणं. काँट्रॅक्टही गेलं. दोन पोरी शाळेत.

मी त्याला मदत म्हणून एक वाक्य सुचवलं. मोबाइल घ्यायला परत गेलो होतो, असं सांग, म्हणजे प्रकरण लवकर मिटेल. कान्हूने हातातलं मोसंबं बाजूला ठेवलं. मग म्हणाला, साहेब, मी वरती आलोच नाय, तर परत कसा जाईन? कार्ड कोनी पलटला ते मी इचारत नाय. मी खाली व्हतो येवडं तरी सांगा.

चंद्रावती चहा ठेवता ठेवता म्हणाली, वरडून वरडून तेचा घसा बसला. वरती म्हने सगली आली, आता कोनाला शोदायचा?

निघताना कान्हू म्हणाला, साहेब, तुमच्यावर भरोसा हाय. इतका भरोसा विनाकारण कोणी ठेवत नाही. काहीतरी डाव आहे. चहा अर्धा तसाच ठेवला. दूध नासकं असावं.

२४ जानेवारी
मोठं यश! आजच्या ड्रिलमध्ये शिट्टी वाजली आणि मी चिकूखालून वळून बघतो तो तिन्ही कार्डं पलटलेली. विक्रम. अजीजा इतक्या लवकर अंगणात आली कशी, हे मला दिसलं नाही, पण कार्ड खोटं बोलत नाही. फोटो काढून ठेवले. चौकशीत दाखवणार.

निलेशचे दोन मिस्ड कॉल. पाळत.

२६ जानेवारी
झेंडावंदनाला फुरकान भेटला. एक्स्टिंग्विशर भरून आणलंत काय, असं चारचौघांत विचारलं. याला कंपनीकडून कोणी भेटलंय का?

जबाबाची तयारी पूर्ण. सुरुवात जागतिक सुरक्षेपासून करायची. कार्डापर्यंत येईतो अधिकाऱ्यांची जेवणाची वेळ झाली पाहिजे.

२७ जानेवारी
आज अंतिम चाचणी ठेवली होती. अचानक ड्रिल. माहिराला सांगितलं, सकाळी केव्हाही शिट्टी वाजव, मला कळवू नकोस.

मी माळ्यावर गेलो. जबाबाला न्यायची सेफ्टीची ट्रॉफी जुन्या ट्रंकेत होती. वर पाय ठेवला आणि शिडी सरकून खाली पडली. मी वर, शिडी खाली, मोबाइल चार्जिंगला.

शिट्टी वाजली.

म्हटलं, बरं झालं, आता मी नाही हे कळेल आणि शोधायला येतील. खालून पावलं गेली. माहिराचा आवाज आला, अम्मी, अब्बा कुठं हायेत? अजीजा म्हणाली, असतील इथंच, कार्ड पलटलाय बघ तेंचा. मग रिक्षाचा आवाज. फुरकानकडे बाळाच्या अकीक्याची दावत होती, मी मागाहून येतो म्हणून सांगितलंच होतं.

ओरडलो. पुन्हा ओरडलो. शेजारी कोणीतरी मिक्सर लावला. कौलांखाली उकडायला लागलं. खाली उडी मारावी तर गुडघा आधीच गेलेला. तहान लागली. घाबरलो. इथे लिहायला हरकत नाही. घसा बसला तेव्हा कान्हूचा विचार आला. तो बाजूला सारला. पुन्हा आला. त्याच्याकडे तर गॅस होता आणि मोडकी मांडी होती. माझ्याकडे ट्रॉफी.

दुपार कलल्यावर, असरच्या अजानीनंतर दोघी परतल्या. शिडी लावली. मी पाणी प्यायलो आणि पहिला प्रश्न तोच विचारला. माझं कार्ड कोणी पलटलं?

अजीजाने जराही आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाली, मीच. रोज मीच पलटते, तिगांचीपन. एकच उरला व्हता. आता एका कार्डासाठी कोन थांबेल? तुमीच सांगितलंत ना, काउंट फुल झाला पायजे.

अजीजा निलेशशी बोलते का, याची चौकशी करायला हवी.

केली नाही.

२९ जानेवारी, पनवेलहून परत
अधिकारी साधा माणूस निघाला. लिंबू सरबत पीत होता. मी आरडाओरड्याला तोंड द्यायची तयारी करून गेलो होतो, तो तर हळू बोलायला लागला. मला तेव्हाच संशय आला. त्याने विचारलं, शेवटचं कार्ड पलटलं तेव्हा बोर्डापाशी कोण होतं?

मी जागतिक सुरक्षेपासून सुरुवात करणार होतो. तोंडातून माळा निघाला. शिडी, मिक्सर, बसलेला घसा, सगळं सांगत गेलो. ट्रॉफी मांडीवर होती, ती मध्येच खाली पडली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारलं, मग ते कार्ड?

एकच उरलं होतं, मी म्हणालो. कान्हू येतच असेल असं वाटलं. तो आला नव्हता.

याला कबुली म्हणता येणार नाही. मी फक्त माहिती दिली. अधिकाऱ्याने ती कबुली म्हणून लिहून घेतली आणि खाली माझी सही घेतली. कान्हू मस्टरला आलाच नव्हता हे त्यात आलं, म्हणजे त्याची भरपाई आता कंपनीला टाळता येणार नाही. मला घरीच थांबायला सांगितलं आहे. या वेळी 'जरा' म्हणाले नाहीत.

बाहेर आल्यावर निलेशला फोन केला. तो म्हणाला, भाई, आम्ही सगळ्यांनी बघितलं होतं, तुम्ही स्वतः सांगाल म्हणून थांबलो. म्हणजे सगळे सामील होते. फक्त कशात, ते मला आता विचारायचं नाही.

घरी पोचलो. दाराशी कार्डं अजून टांगलेली. दोन पलटलेली, माझं मात्र न पलटलेलं. अजीजा स्वयंपाकघरातून म्हणाली, आलंत काय? मी म्हटलं, आलो. ती म्हणाली, मग तुमचा तुमी पलटा.